दुसऱ्याच्या बोटाचं रक्त

"टोकाला नाही, कडेला टोच. टोकाला दुखतं, कडेला कळतही नाही."

दवाखान्यातल्या सिस्टरांचा हा आवाज काजवालीच्या कानात असा काही घर करून बसला होता, की दुकानात शिवणाची सुई हातात घेतली तरी तो ऐकू यायचा. पंचवीस वर्षं ती एका कोट शिवणाऱ्याच्या दुकानात काज-बटणाचं काम करत होती. सुईची भीती तिला नव्हतीच. पण माणसाच्या बोटाला सुई लावायची आणि ती दुसऱ्याच्या, हे तिला साठीच्या उंबरठ्यावर शिकावं लागलं.

त्याचं असं झालं. वस्तीतल्या दवाखान्यात साखरेचे पेशंट एकेक करून डॉक्टरांपुढे जायचे, चार मिनिटं बसायचे, मान हलवायचे आणि बाहेर येऊन दुसऱ्याला विचारायचे, काय म्हणाले हो ते? शेवटी डॉक्टर कंटाळले. तेच तेच सांगून माझा घसा बसतो आणि तुमचा आकडा काही उतरत नाही, तर आता सगळे मिळूनच बसू, असं त्यांनी ठरवलं. महिन्यातल्या पहिल्या बुधवारी, सकाळी नऊला, उपाशीपोटी. वरच्या मजल्यावर लहान मुलांना लस टोचायची खोली होती, तिथे नऊ खुर्च्या गोलात मांडल्या. भिंतीवर जिराफाचं चित्र आणि त्याच्या मानेवर मुलांची उंची मोजायच्या खुणा. पहिल्याच दिवशी निवृत्त पोस्टमास्तर त्या जिराफाला पाठ लावून उभे राहिले आणि म्हणाले, "सिस्टर, बघा जरा, ह्या वयात वाढतोय का कमी होतोय?" सगळे हसले, आणि नऊ अनोळखी माणसांचा गोल जमला.

गोलाची एक रीत होती. आपलं बोट आपण टोचायला माणूस कचरतो, म्हणून सिस्टरांनी जोड्या लावल्या, आणि नववे उरलेले मास्तर स्वतःकडे घेतले. जोडीदारानेच टोचायचं, पट्टीवर थेंब घ्यायचा, यंत्रातला आकडा मोठ्याने वाचायचा. मग सिस्टर तो भिंतीवरच्या मोठ्या कागदावर लिहायच्या, चांगला असेल तर हिरव्या शाईने, वाईट असेल तर लाल. नावं लिहायची नाहीत असं ठरलं होतं, म्हणून मास्तरांनी सगळ्यांना टोपणनावं वाटून टाकली. हिरवा आकडा आला की गोल टाळ्या वाजवायचा. लाल आला की कुणी काही बोलायचं नाही, फक्त शेजारचा पाठीवर हात ठेवायचा. त्यानंतर जोडीदाराचे तळपाय बघायचे, कुठे चीर, फोड, काळेपणा नाही ना. मग बिनसाखरेचा चहा आणि गप्पा. डॉक्टर सांगायचे थोडं, ऐकायचे जास्त. काजवालीचा आकडा सहा महिन्यांत दोनशेवरून सव्वाशेवर आला तो औषधाने किती आणि त्या गोलाने किती, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

तिची जोडीदारीण बस चालवायची. अर्थात मास्तरांनी तिचं नाव पायलटबाई ठेवलं. चार वर्षांनी धाकटी, आवाजाने खणखणीत, कुणी लांबण लावली की "ब्रेक मारा हो, पुढचा स्टॉप आला" म्हणून त्याला गप्प करायची. काजवालीला ती पहिल्या दिवसापासून ताई म्हणायची. दुकानासमोरून तिची बस जायची तेव्हा ती दोनदा आखूड हॉर्न वाजवायची, आणि काजवाली मांडीवरच्या कोटातून मान वर करून हसायची. म्हातारपणी मैत्रीण मिळणं म्हणजे पडक्या विहिरीला पाणी लागणं, असं काजवालीला वाटे.

आणि मग तो बुधवार आला.

त्या दिवशी काजवालीचं बोट आधी टोचून झालं होतं, एकशे अठ्ठावीस. तिने पायलटचं बोट कडेला टोचलं, थेंब पट्टीवर घेतला. दोघींच्या गुडघ्यांमध्ये धरलेल्या यंत्रात आकडा उमटला, तीनशे बारा. काजवालीने वाचायला तोंड उघडलं, तोच पायलटने यंत्रावर तळहात ठेवला. सिस्टर गोलाच्या पलीकडच्या टोकाला मास्तरांच्या थरथरत्या बोटाशी झटत होत्या.

"ताई, पट्टी बिघडली म्हण. दुसरी घे. आणि तुझं टाक."

काजवालीला आधी कळलंच नाही. मग पायलटने तिच्या बोटाकडे पाहिलं. तिथे अजून लाल मण्यासारखा थेंब उभा होता. पायलटच्या पर्समध्ये डेपोचा फॉर्म होता. दर सहा महिन्यांनी डॉक्टरांची सही लागायची, चालक गाडी चालवायला ठीक आहे म्हणून. आकडा चढा असेल तर इन्सुलिन, आणि इन्सुलिन म्हणजे चाक हातातून जाणार. हे सगळं तिने एका श्वासात कुजबुजून सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "एकदाच. महिन्याभरात मी आणते ना खाली. तुला माझी शपथ, कुणाला सांगू नकोस."

पंचवीस वर्षं बारीक काम केलेली बोटं. कुणाच्या लक्षातही येणार नाही इतक्या सफाईने दुसरी पट्टी लागली, थेंब टेकला, आकडा आला. "एकशे सव्वीस," काजवालीने वाचलं. आपलाच आवाज तिला परका वाटला. गोलाने टाळ्या वाजवल्या. सिस्टरांनी हिरवा पेन उचलला. डॉक्टरांनी फॉर्मवर सही केली.

खोटं एकदाच बोलायचं म्हणून कुणी बोललं आणि ते एकदाच राहिलं, असं कधी झालंय? पुढच्या महिन्यात पायलटने नुसतं तिच्याकडे पाहिलं, सांगावंही लागलं नाही. त्याच्या पुढच्या महिन्यात तेवढंही नाही. यंत्रातला खरा आकडा काजवाली बघायची आणि पुसून टाकायची. तीनशे तीस. तीनशे एकोणऐंशी. कागदावर मात्र दोघींचे हिरवे आकडे शेजारी शेजारी. मास्तर म्हणाले, "काय जोडी जमलीय. आकडेसुद्धा एका आईची लेकरं." सगळे हसले. काजवालीही हसली, आणि कागदाकडे न बघता वापरलेल्या पट्ट्या गोळा करू लागली. तीन महिन्यांतून एकदा लॅबमध्ये दंडातलं रक्त द्यायचं असायचं, त्यात मागच्या तीन महिन्यांचं सगळं उघडं पडतं. पायलटने ती तारीख दोनदा ड्युटीच्या नावाखाली चुकवली. बोटाचे आकडे इतके गोजिरवाणे, की कुणी तगादा लावला नाही.

काजवालीचा एक नेम होता. सकाळी पहिला टाका घालण्याआधी डोळे मिटून दोन मिनिटं बसायचं. मागणं काही नाही, नुसतं दिवसाच्या धन्याला आपण हजर आहोत असं कळवायचं. नेम तिने मोडला नाही. पण हल्ली डोळे मिटले की समोर हिरवी शाई यायची, आणि दोन मिनिटं होण्याआधीच हात सुईकडे जायचा. आयुष्यात दिलेला शब्द तिने कधी मोडला नव्हता. आता दिलेला शब्द पाळणं हेच तिला पापासारखं टोचत होतं, आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती. सून एकदा म्हणालीही, आई, आकडा चांगला आलाय तर चेहरा असा का? काजवालीने डोळ्यांच्या शिणावर ढकललं.

खोट्याच्या चौथ्या महिन्यात, बुधवारी चहाच्या वेळी डॉक्टर खाली पेशंट बघायला गेले होते आणि सिस्टर फोनवर होत्या. कुणीतरी पायलटला विचारलं, एवढं कसं जमवता हो? आता खोट्याला खोट्याचाच आधार. तिने रंगवून सांगितलं. शेवटचे तीन स्टॉप चालते, दिवस मावळायच्या आत जेवते, आणि संध्याकाळची गोळी तर कधी घेते कधी नाही, शरीर आपलं आपण सांगतं. काजवालीने तिचा पदर ओढला, पण गाडी उतारावर सुटली होती.

पाचव्या महिन्यात मास्तरांचा आकडा दोनशे सत्याऐंशी आला. गेल्या वर्षभरात त्यांचा एकही लाल नव्हता. त्या दिवशी त्यांनी एकही विनोद केला नाही. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या चालू आहेत ना? त्यांनी मान हलवली. जिना उतरताना मात्र ते काजवालीच्या कानाशी लागले. म्हणाले, संध्याकाळची गोळी मी सोडली. पायलटबाईंना गोळीशिवाय जमतं, मग मलाच का जमू नये म्हटलं. माझ्यातच काहीतरी कमी असणार.

"आजपासून गोळी घ्या, मास्तर," काजवाली म्हणाली. "तिचं ऐकू नका."

"का?"

काजवालीने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. म्हातारा कठड्याला धरून एकेक पायरी उतरत राहिला, आणि ती मागे उभी राहिली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. तिच्या मुठीत दुसऱ्याचं रक्त नव्हतं, तिचंच होतं. तरी मूठ उघडायची हिंमत होत नव्हती.

पुढच्या महिन्यातल्या बुधवारच्या आदल्या दिवशी, म्हणजे मंगळवारी, दुकान लवकर सुटलं. काजवाली एक कोट गिऱ्हाइकाच्या घरी पोचवायला हातावर टाकून स्टॉपवर उभी होती. दुपार कलली होती, ऊन भरपूर होतं. पायलटची बस वळणावरून आली. काजवालीने सवयीने हात वर केला. हॉर्न वाजला नाही. पुढच्या काचेतून पायलट सरळ तिच्याकडे बघत होती, डोळे बारीक करून, कपाळाला आठ्या घालून, जसं कुणी बुडालेली चावी पाण्यात शोधावी तसं. आणि तिला काही दिसत नव्हतं.

बस थांबायच्या जागी थांबली नाही. पुढचं चाक फुटपाथवर चढलं. स्टॉपवर एक तरुण आई बाबागाडी घेऊन उभी होती. कुणीतरी तिला दंडाला धरून मागे ओढलं, बाबागाडी तिच्याबरोबर ओढली गेली, आणि बसचा आरसा बाबागाडीच्या छपरावरून, वीतभर अंतरावरून, गेला. बाळ झोपेतच होतं. आई मात्र मटकन खाली बसली. लोक ओरडले. पायलटने खिडकीतून हात जोडले, ब्रेक चिकटला म्हणाली, दोनदा माफी मागितली. ब्रेक चिकटतात, लोकांनी मानलं, शिव्या देत चढले.

काजवालीही चढली. चालकाच्या मागच्या दांड्याला धरून उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "मी आहे."

पायलट दचकून वळली. "ताई? तू कुठून चढलीस?"

काजवाली मागच्या सीटवर जाऊन शेवटच्या स्टॉपपर्यंत बसून राहिली. कोट पोचवायचा राहिला. प्रत्येक स्टॉपला चढणारं प्रत्येक माणूस ती बघत होती. पाठीवर दप्तरं असलेली मुलं, एक गरोदर बाई, काठी टेकत आलेला एक जण. पायलट गाडी फार हळू चालवत होती. पांढऱ्या पट्ट्यांजवळ येताच थांबत होती, कुणी नसलं तरी.

डेपोत गाडी रिकामी झाली. इंजिन बंद झाल्यावर लांब, धुण्याच्या जागेवर, पाण्याचा फवारा एका बसच्या पत्र्यावर आपटताना ऐकू येत होता.

"किती दिवस झाले?" काजवालीने विचारलं.

"सकाळी स्वच्छ दिसतं. दुपारनंतर जरा धुकं येतं." पायलट स्टिअरिंगवरचे हात काढत नव्हती. "उतरेल ते. डॉक्टरच म्हणतात ना, साखर उतरली की नजर परत येते."

"उतरायला औषध लागतं. तुझं औषध त्यांनी माझ्या रक्तावर ठरवलंय."

पायलट पाण्याच्या आवाजाकडे हनुवटी करून म्हणाली, "नऊ वर्षं मी तिथे होते. हातात पाइप, पायात गमबूट. चालवणारे वरून म्हणायचे, ए बाई, काच नीट पूस. मी पुसायचे आणि मनात म्हणायचे, एक दिवस ही काच मी आतून बघणार. इन्सुलिन लागलं की हे लोक चाक काढून घेतात, ताई. तीन महिने म्हणतात, मग बघू म्हणतात. बघू म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. बघू म्हणजे परत पाइप."

काजवालीला तिचा हात धरावासा वाटला. धरला नाही. धरला असता तर पुढचं बोलता आलं नसतं.

"आज ते लेकरू वाचलं," ती म्हणाली. "उद्याच्या लेकराची हमी कोण देणार? तू, का मी?"

"तू शब्द दिलायस."

"दिलाय. तो मी मोडतेय. जन्मात पहिल्यांदा मोडतेय, म्हणून पाठीमागे नाही, तुझ्या तोंडावर मोडते." तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता, पण कोटाची बाही तिच्या मुठीत चुरगळली होती. "आता दुसरा शब्द देते. उद्या पहाटे पाचला तुझ्या दाराशी येईन. पहिली गाडी तू काढायची नाहीस. नऊपर्यंत तुझ्या घरी बसू, मग दोघी गोलात जाऊ. आधी मी सांगेन, रक्त कुणाचं होतं ते. सगळ्यांसमोर, मास्तरांसमोर. मग तुझं तू सांग, नाहीतर नको सांगूस."

"आणि मी पाचच्या आधीच निघाले तर?"

"तर मी तुझ्या साहेबांकडे जाईन आणि त्यांनाच सांगेन."

पायलट हसली, पण ते हसू रडण्याच्या इतकं जवळ होतं की काजवालीने खिडकीबाहेर पाहिलं. "गरीब गाय म्हणत होते मी तुला," पायलट म्हणाली. "दार उघडेनच असं काही नाही हं."

"मी येणार."

काजवाली उतरली. दहा पावलं गेल्यावर मागून हाक आली, रागातलीच. "ताई, पहाटे गारठा असतो. चपलेवर येऊ नकोस. बंद बूट घाल, मोजे घाल."

त्या संध्याकाळी काजवाली जेवली, गोळी घेतली, कोट खुंटीला टांगला. सुनेला म्हणाली, उद्या मला पहाटेच बाहेर जायचंय, दवाखान्याचं काम आहे. खोटं नव्हतं ते. अंथरुणावर पडल्यावर तिच्या मनात एकामागून एक चेहरे येत राहिले. डॉक्टर, ज्यांची सही त्या फॉर्मवर होती आणि ज्यांना आता वरून कुणी जाब विचारील. सिस्टर, ज्यांनी जोड्यांवर विश्वास टाकला आणि आता बहुतेक जोड्याच मोडून टाकतील. मास्तर हसतील की नाही? आणि गोल? ज्या गोलात कुणी लाल आकड्यावर बोट ठेवत नव्हतं, तिथेच तिने खोटी हिरवी शाई आणली होती. उद्यानंतर तिथे एक खुर्ची तिच्यासाठी उरेल, याची तिला खात्री नव्हती. पायलटच्या घरात एक मैत्रीण उरेल, याची तर त्याहून नव्हती. देवाकडे तिने काही मागितलं नाही. फक्त म्हणाली, झोप लागली तर चारला उठव.

उठवावं लागलं नाही. चारच्या आधीच ती जागी होती. तोंड धुतलं, पेलाभर पाणी घेतलं. अंधारात मोजे चाचपून घातले, बूट घातले, नाड्या बांधल्या. पिशवीत पाण्याची बाटली टाकली, एक बिस्किटाचा पुडा टाकला. पायलट उपाशी बसेल नऊपर्यंत, आणि मध्येच तिला काही झालं तर हाताशी काहीतरी हवं. डेपोतला साहेब कुठल्या खोलीत बसतो ते तिला माहीत नव्हतं. विचारलं की कुणीही सांगेल, असं तिने मनाशी ठरवलं, आणि लगेच मनात म्हणाली, विचारायची वेळ न येवो.

आत सून कूस बदलून पुन्हा शांत झाली. काजवालीने कडी आवाज न होऊ देता काढली, दार मागे ओढून घेतलं आणि कठड्याला धरत जिना उतरून ती पायलटच्या गल्लीकडे चालू लागली.